घाटापलीकडच्या घंटा

फार फार पूर्वीची गोष्ट. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी ओताऱ्यांचं एक गाव होतं. गुरांच्या गळ्यातल्या पितळी घंटा तिथे ओतल्या जात. घाटापलीकडे दाट धुकं पडे आणि तिथले गुराखी आवाजावरूनच आपलं जनावर ओळखत. गावातला म्हातारा ओतारी प्रत्येक घंटा कानाशी धरून वाजवी. आवाज बद्द आला, की ती वितळायला पुन्हा मुशीत जाई.

राजा भला होता. आपला माल परमुलखात जावा म्हणून त्याने हुकूम काढला, "घाटावरची चौकी ओलांडेल त्या प्रत्येक घंटेला वजनाप्रमाणे बक्षीस!"

मग काय, घंटा जाड आणि बद्द होत गेल्या. म्हातारा आधी कुरकुरला, मग तोही जाड घंटा ओतू लागला. कानाचं काम आता चौकीतला तराजू करत होता. पलीकडचे गुराखी गावाच्या नावावर विश्वासून घंटा घेत राहिले. दरबारात कारभारी सांगत, "महाराज, व्यापार वाढला."

एका सकाळी पलीकडची एक गुराखीण घाट उतरून आली. तिच्या हातात एक घंटा होती.

"बाबा, ही तुमचीच ना?"

"माझीच, बाई."

"माझी गाय धुक्यात कड्याकडे गेली. मी कान देऊन उभी होते, पण हिचा आवाज आलाच नाही. पोरांचं दूध त्या एका गाईवर होतं, बाबा."

म्हाताऱ्याने घंटा कानाशी धरून हलवली. दगडावर दगड आपटावा तसा आवाज आला. त्याला मान वर करवेना.

त्या वर्षी पलीकडे कुणीच घंटा घेतली नाही. गावातल्या भट्ट्या विझल्या.

राजाने विचारलं, "बक्षीस वाढवू का?"

"नको, महाराज," म्हातारा म्हणाला. "आम्ही तराजूला खूश केलं आणि गुराख्याला विसरलो. द्यायचंच असेल, तर आमच्या पोरांना पलीकडे राहायला एक धर्मशाळा बांधून द्या. त्यांना त्या धुक्यात उभं राहून ऐकू द्या."

राजाने धर्मशाळा बांधली. तरुण ओतारी तिथे राहून ऐकायला शिकले. घंटा पुन्हा पातळ झाल्या आणि बऱ्याच वर्षांनी गिऱ्हाईकही परतलं.

ती गुराखीण मात्र पुन्हा आली नाही. म्हाताऱ्याने तिच्यासाठी ओतलेली घंटा त्याच्या दारातच टांगलेली राहिली.

म्हणून ध्यानात ठेवा: मदत आपल्याला गिऱ्हाइकापर्यंत नेते तोवर धंदा वाढतो, ती गिऱ्हाइकाच्या जागी येऊन बसली, की धंदा बुडतो.