ढोलीतून पाहिलेले शहर

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात, बेहड्याच्या जुन्या झाडावर, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी धनेश पाहिला नसेल, म्हणून त्यांची एक रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचे सगळे तुम्हाला खोटे वाटेल. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोचीचे टोक बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिचे पंख गळतात, नवे येतात, अंडी फुटतात, पिल्ले वाढतात. तितके दिवस नर उंबर-पिंपळाची फळे गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक करून तिला भरवतो. आपला धनेश या कामात अगदी पक्का होता. एक दिवस चुकला नाही, एकदा उशीर केला नाही. सारे जंगल त्याचे नाव काढी, आणि धनेशीणही काढी.

पण फटीतून दिसणार तरी किती? वाकडी फांदी, चार पाने आणि वर आभाळाचा तुकडा. ते बघून बघून धनेशीण कंटाळून जाई. एका वर्षी ती अशीच आत बसलेली असताना खाली ओढ्याकाठी एक धोबी पक्षी शेपटी हलवत गप्पा मारत होता. तो दूरदूरचे मुलूख हिंडलेला. तो म्हणाला, "मी शहर पाहिलंय. शहरापाशी समुद्र आहे. त्याला पलीकडचा काठच नाही." धनेशिणीने ते ऐकले आणि तिच्या मनाने घेतले. ज्याला पलीकडचा काठ नाही असे काहीतरी एकदा डोळ्यांनी बघायचे.

"पिल्लं उडाली की तुला शहर दाखवतो," धनेश म्हणाला. पिल्ले उडाली. मग पाऊस आला. पुढच्या वर्षीही हेच झाले. तिसऱ्या वर्षी दिवाळी सरल्यावर धनेशीण त्याच्यासमोर फांदीवर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, दोन महिन्यांनी मी पुन्हा आत जाणार. आत्ता निघालो नाही तर गेलं आणखी एक वर्ष."

"अगं, पण ढोली? पोपट टपूनच बसलेत."

"चार दिवस. चार दिवसांत काय बळकावतात ते बघू."

चार दिवस ठरले. दिवसभर उडून संध्याकाळी दोघे शहरात पोहोचले. केवढी ती घरे, केवढा तो गलका! धनेशीण हरखून बघत होती, आणि धनेश मात्र ढोली शोधत होता. अखेर एका बागेतल्या जुन्या पर्जन्यवृक्षात त्याला ती सापडली. ढोली ऐसपैस होती. धनेशीण आत शिरली, शेपटी सवयीने भिंतीला टेकली आणि तोंड दाराकडे करून बसली. समोरच्या दोन उंच इमारतींच्या मागून सारखा एक घुमणारा आवाज येत होता.

"अहो, हा आवाज कसला?"

"समुद्राचा असणार."

"इतका जवळ?"

"जवळच आहे गं. बघू की. चार दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळाचा मनोरा बघायचा बेत होता. धनेशीण पिसे नीट करून दारात आली तर धनेश म्हणाला, "तू थांब जरा. मी पुढे जाऊन गर्दीचा अंदाज घेतो." तो गेला तो दुपारी परतला. दारासमोरच्या फांदीवर बसला, मान पुढे केली आणि तिला एकामागून एक फळे भरवू लागला. सातवे फळ संपल्यावर तिला बोलायला फुरसत मिळाली.

"मनोरा कसा आहे?"

"उंच आहे."

"किती उंच?"

"बराच उंच. पण त्याच्या मागे एक पिंपळ आहे! काय फळ धरलंय म्हणून सांगू!"

"आपण कधी जायचं?"

"आता ऊन झालं. तू दमशील. आणि मी पाहिलाय ना, तुला सगळं सांगतो," असे म्हणून त्याने पिंपळाच्या कोणत्या फांदीला किती फळ आहे ते सविस्तर सांगितले.

धनेशीण चडफडली, पण गप्प बसली. बिचारा केवढा दमून आलाय, त्याला काय बोलायचे, असे तिला वाटले. खरे म्हणजे तिथेच बोलायला हवे होते. पण एवढी वर्षे फटीतून खाल्ल्यावर भरवणाऱ्याशी भांडायची सवय मोडते, हेही खरेच.

तिसऱ्या दिवशी खाडीवरचा मोठा पूल. पुन्हा तेच. "वारा फार आहे, आधी मी बघून येतो." पुन्हा दुपार, पुन्हा फळे. पूल लांब होता, एवढे तिला कळले. पुलाच्या अलीकडचा वड मात्र तिला पानापानांसकट कळला. आता तिचा धीर सुटत चालला.

"अहो, मला पंख आहेत."

"आहेत ना. म्हणून तर जपायचे. शहरात तारा किती आहेत तुला ठाऊक नाही."

"कसं ठाऊक असणार? मी बाहेर पडले तर ना!"

"तेच सांगतोय. ठाऊक नाही, म्हणून बाहेर पडू नकोस."

मुलांनो, यावर काय बोलणार? धनेशीण पाठ करून बसली. दाराकडे पाठ केल्यावर ढोलीत नुसता काळोख दिसतो, म्हणून थोड्या वेळाने तिला पुन्हा तोंड वळवावे लागले, आणि त्याने ती आणखीच चिडली.

चौथा दिवस समुद्राचा. तिने पहाटेच बजावले, "आज मी येणार. मनोरा नको, पूल नको. मी ज्यासाठी आले ते आज बघणार." धनेश म्हणाला, "हो हो, आजच. मी नुसता जाऊन बसायला सावली आहे का बघतो आणि हा आलो." ती दारात वाट बघत राहिली. ऊन चढले. समुद्राचा आवाज येतच होता. मान उंचावली तर दोन इमारतींच्या मधून काहीतरी लकाकल्यासारखे दिसे, पण ते काचही असू शकेल. धनेश आला तेव्हा त्याचा गळा फळांनी टम्म फुगलेला होता.

"समुद्र?" तिने फळासाठी चोच उघडायच्या आधीच विचारले.

"मोठा आहे. पाण्याचा आहे. गर्दी फार, ऊन फार. तू दमशील. आत बस, मी सगळं सांगतो."

"सांगा."

धनेशाने विचार केला. "मोठा आहे," तो पुन्हा म्हणाला. "आणि तिथे जाताना वाटेत एक उंबर लागतं..."

धनेशिणीने त्या दिवशी एकही फळ खाल्ले नाही. धनेशाला ते अजिबात कळले नाही. शहराचे पाणी बाधले असेल, असे म्हणून तो कडुनिंबाचा पाला शोधायला गेला.

परतीचा दिवस उजाडला. वाटेत एक मुक्काम करायचा म्हटला तरी दुपारपर्यंत निघायलाच हवे होते. "वाटेत पोटाला हवं म्हणून शेवटचं उंबर आणतो," असे सांगून धनेश गेला, आणि धनेशीण आपल्या जागी बसून राहिली. तीन वर्षे वाट बघायची, दिवसभर उडून यायचे, आणि समुद्राच्या इतक्या जवळ येऊन ढोलीत बसून परत जायचे!

शेजारच्या खाचेत एक पारवी राहत होती. चार दिवस ती हे सारे बघत होती. शेवटी तिला राहवेना. ती फांदीवर आली आणि म्हणाली, "ओ ताई, रागावू नका. अंडी घातलीत का?"

"नाही."

"मग पंख गळलेत?"

"नाही हो. धड आहेत."

"मग कुणी दार लिंपलंय?"

धनेशिणीने दाराकडे पाहिले. दार सताड उघडे होते. चार दिवस ते तसेच उघडे होते. ढोलीत बसायचे म्हणजे बाहेर पडायचे नाही, हे तिच्या अंगात इतके भिनले होते की दाराला माती नाही हे तिने पाहिलेच नव्हते. नवऱ्यावरचा निम्मा राग आता तिच्या स्वतःवरच वळला.

"नाही. कुणीच नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

दोन इमारतींमधल्या तारा तिने वरून चुकवल्या. पलीकडे पोहोचायला जेमतेम वीस वेळा पंख हलवावे लागले. आणि समोर तो होता. ती किनाऱ्यावरच्या एका दिव्याच्या खांबावर बसली आणि पलीकडचा काठ शोधू लागली. डावीकडे शोधला, उजवीकडे शोधला. काठ नव्हता. धोबी पक्ष्याने थाप मारली नव्हती. तिला इतका आनंद झाला की तिचे तिलाच हसू फुटले.

पुष्कळ वेळाने ती निघाली. वाटेत ते सुप्रसिद्ध उंबर लागले. तिने एक फळ तोडले आणि झाडाशी आली. बघते तर ढोलीतून धनेशाची पिवळी चोच बाहेर आलेली. रिकामी ढोली पाहून तो घाबरून आत शिरला होता, आणि कानाकोपरा धुंडाळून बाहेर पडताना चोचीवरचे शिंगासारखे मोठे टोपर दाराला अडकून तो तिथेच बसला होता.

"कुठे गेली होतीस? माझा जीव अर्धा झाला!"

धनेशीण समोरच्या फांदीवर बसली आणि तिने फळ पुढे केले. त्याची चोच उघडीच होती. तिने ते आत टाकले.

"समुद्र पाहून आले."

"एकटी? कसा आहे?"

"मोठा आहे. पाण्याचा आहे. गर्दी फार, ऊन फार. तुम्ही दमाल. आत बसा, मी सगळं सांगते."

धनेशाने फळ गिळले आणि वाट पाहिली. ती आपली पिसे साफ करू लागली.

"एवढंच?"

"तुम्ही मला एवढंच सांगितलं होतं."

धनेशाने मान खाली घातली. "अगं, मी पाहिलाच नाही."

"काय?"

"उंबराच्या फळांकडे तोंड केलं की समुद्र पाठीमागे येतो. पिकलेली फळं गळून जातील म्हणून मी मागे वळलोच नाही. मनोराही तसाच. पूलसुद्धा. तू उपाशी असशील, एवढंच डोक्यात."

धनेशिणीला हसावे की त्याला टोचावे तेच कळेना. चार दिवस! ती आत बसून काही पाहत नव्हती, आणि तो बाहेर फिरून काही पाहत नव्हता. या शहराने दोघांची केवढी वाट पाहिली असती, वाट पाहायचा त्याचा स्वभाव असता तर.

"बाहेर या," ती म्हणाली.

"पण दुपार होतेय. पोपट..."

"पोपट गेले खड्ड्यात! बाहेर या म्हणते ना."

टोपर तिरके करून, पिसे खरवडून घेत तो कसाबसा बाहेर पडला. तिने त्याला पुढे घातले, उंबरावरून न थांबता नेले आणि दिव्याच्या खांबावर आपल्या शेजारी बसवले. धनेशाने समुद्राकडे पाहिले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "अगं, याला पलीकडचा काठच नाही."

"नाही ना?"

"तू हे सांगितलं नव्हतंस."

"सांगून कळतं होय?"

तो आणखी थोडा वेळ बसला. मग चुळबुळला. "तू बस हं, मी जरा पटकन दोन फळं..."

धनेशिणीने त्याच्या लांब शेपटीवर पाय ठेवला. "बसा," ती म्हणाली. तो बसला. दोघांच्याही पोटात कावळे ओरडत होते आणि दोघेही ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून होते.

पोपटांनी ढोली बळकावलीच होती. त्यांना हुसकायला दोघांना तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत "मी सांगत होतो" हे वाक्य धनेशाने इतक्यांदा म्हटले की धनेशिणीचे कान किटले. पण तिने एकदाही त्याचे खरे आहे असे म्हटले नाही.

माघात ती रीतीप्रमाणे आत गेली आणि दार लिंपून घेतले. पहिल्याच दिवशी धनेश गळाभर उंबरे घेऊन आला आणि त्याने एक फळ फटीशी धरले. आतली चोच काही उघडेना.

"अगं, घे ना."

"आधी सांगा, आज काय पाहिलंत?"

"कुठे काय? उंबर पाहिलं. चांगलं पिकलंय."

चोच मिटलेलीच राहिली. धनेशाने फळ पुन्हा गळ्यात घेतले, मागे वळला आणि आल्या वाटेने उडत गेला. बऱ्याच वेळाने तो परत आला, फटीशी बसला आणि म्हणाला, "ओढ्याच्या वळणावर एक सांबर पाण्यात उभं होतं. त्याच्या शिंगावर खंड्या बसला होता, आणि सांबराला त्याचा पत्ताच नव्हता."

आतून हसल्याचा आवाज आला आणि चोच उघडली.

तात्पर्य : आपल्या माणसासाठी झिजण्याआधी त्याला काय हवे आहे ते विचारावे; आणि ज्याला काही हवे आहे त्यानेही, दार खरोखर बंद आहे की नाही, एवढे तरी उठून पाहावे.