टिकली पाल आणि खड्ड्यातलं अस्वल

ऐका हं. मांडी घालून बसा. तोंडातलं बोट बाहेर काढा. आता ऐका.

एक होतं वाचनालय. त्याच्या भिंतीवर राहायची एक पाल. इवलीशी, करंगळीहून छोटी. नाव काय? टिकली!

टिकलीला गोष्टी फार फार आवडायच्या. रोज संध्याकाळी शालनताई मुलांना गोष्ट वाचून दाखवायच्या. मुलं खाली सतरंजीवर. टिकली वर छताला. उलटी!

शालनताई पुस्तकं द्यायच्या. गणूकाका घंटा वाजवायचे. आणि दोघांना खोड एकच. कुणीही आलं की सांगायचं, "हे वाचा! माझं सगळ्यात आवडतं!" बाळांना सांगायचं. आजोबांना सांगायचं. ते पुस्तक कपाटात आहे का, हे मात्र बघायचं नाही. आवडतं म्हटलं की झालं!

एकदा काय झालं, ताई अस्वलाची गोष्ट वाचत होत्या. अस्वलाचं पिल्लू निघालं मध खायला. चाललं, चाललं, चाललं... आणि धप्प! पडलं खड्ड्यात.

तेवढ्यात गणूकाकांनी घंटा वाजवली. टण टण टण! वाचनालय बंद. गोष्ट अर्धीच राहिली.

टिकलीला माशी गोड लागेना. डास गोड लागेना. पिल्लू बाहेर आलं का? कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी टिकलीनं विचारलं, "ताई, ताई, पुढे काय झालं?"

"पुस्तकात आहे गं सगळं. पण पुस्तक रेवाकडे आहे."

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

रेवा बसली होती खिडकीत. रेवा म्हणजे बालवाडीतली, दोन शेंड्यांची. तिच्या मांडीवर अस्वलाचं पुस्तक. टिकली म्हणाली,

"चुक चुक! रेवा, रेवा, अस्वल दे.
अस्वल दिलं की गोष्ट कळेल.
पिल्लू बिचारं खड्ड्यात आहे!"

रेवा म्हणाली, "देईन की! पण मग मी काय बघू? ताई म्हणाल्या, बोटींचं पुस्तक बघ, माझं सगळ्यात आवडतं! आधी बोटी मिळू देत, मग अस्वल देते."

"बोटी कुणाकडे?"

"निनाददादाकडे!"

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

निनाददादा पडला होता सतरंजीवर पालथा. पाय हवेत. नाक बोटींच्या पुस्तकात. टिकली म्हणाली,

"चुक चुक! दादा, दादा, बोटी दे.
बोटी दिल्या की रेवा अस्वल देईल.
अस्वल दिलं की गोष्ट कळेल.
पिल्लू बिचारं खड्ड्यात आहे!"

दादा म्हणाला, "देईन की! पण मग मी काय वाचू? गणूकाका म्हणाले, भुतांचं पुस्तक वाच, माझं सगळ्यात आवडतं! आधी भुतं मिळू देत, मग बोटी देतो."

"भुतं कुणाकडे?"

"विजूकाकूंकडे!"

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

विजूकाकू बाकावर बसून भुतांचं पुस्तक वाचत होत्या. पुस्तकातलं भूत म्हणालं, हूऽऽऽ! काकू ढिम्म. मोठ्ठं भूत म्हणालं, हाऽऽऽ! काकूंनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग वर बघितलं आणि ओरडल्या, "ई ई ई! पाल!" दोन्ही पाय बाकावर! टिकली म्हणाली,

"चुक चुक! काकू, काकू, भुतं द्या.
भुतं दिली की दादा बोटी देईल.
बोटी दिल्या की रेवा अस्वल देईल.
अस्वल दिलं की गोष्ट कळेल.
पिल्लू बिचारं खड्ड्यात आहे!"

काकू म्हणाल्या, "देईन की! आधी तू लांब हो बाई. पण मग मी काय वाचू? ताई म्हणाल्या, लाडवांचं पुस्तक वाचा, माझं सगळ्यात आवडतं! आधी लाडू मिळू देत, मग भुतं देते."

"लाडू कुणाकडे?"

"दामूआजोबांकडे!"

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

दामूआजोबांच्या तोंडात दात नाही एकही. पण वाचत होते लाडवांचं पुस्तक! बेसनाचा लाडू आला, मचमच. रव्याचा लाडू आला, मचमच. टिकली म्हणाली,

"चुक चुक! आजोबा, आजोबा, लाडू द्या.
लाडू दिले की काकू भुतं देतील.
भुतं दिली की दादा बोटी देईल.
बोटी दिल्या की रेवा अस्वल देईल.
अस्वल दिलं की गोष्ट कळेल.
पिल्लू बिचारं खड्ड्यात आहे!"

आजोबा म्हणाले, "देईन की! पण मग मी काय वाचू? गणूकाका म्हणाले, गमतींचं पुस्तक वाचा, माझं सगळ्यात आवडतं! आधी गमती मिळू देत, मग लाडू देतो."

"गमती कुणाकडे?"

आजोबांनी टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलामागून आवाज आला, "खी खी खी! खी खी खी!"

कोण हसत होतं? शालनताई!

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. तिकडे गणूकाकांनी घंटा हातात घेतली. अरे बापरे! टिकली पळतच सुटली. सुळुकसुळुकसुळुक! धापा टाकत म्हणाली,

"चुक चुक! ताई, ताई, गमती द्या.
गमती दिल्या की आजोबा लाडू देतील.
लाडू दिले की काकू भुतं देतील.
भुतं दिली की दादा बोटी देईल.
बोटी दिल्या की रेवा अस्वल देईल.
अस्वल दिलं की गोष्ट कळेल.
पिल्लू बिचारं खड्ड्यात आहे!"

ताईंनी जीभ चावली. "अगंबाई! सगळ्यांना सांगत सुटलो आम्हीच, आणि अडवून बसलेय मी!"

"मग द्या ना!"

ताईंनी पुस्तक छातीशी धरलं. "देईन की! पण एकच पान राहिलंय गं. पुढे काय झालं ते कळलं नाही, तर मला जेवण गोड लागायचं नाही."

टिकली म्हणाली, "ताई, तुमचं एक पान राहिलंय. माझं तर अख्खं अस्वल राहिलंय. तेही खड्ड्यात!"

ताईंनी टिकलीकडे बघितलं. पुस्तकाकडे बघितलं. मग पुस्तक मिटलं. फट्!

आणि मग काय विचारता!

ताईंनी आजोबांना गमती दिल्या.
आजोबांनी काकूंना लाडू दिले.
काकूंनी दादाला भुतं दिली.
दादानं रेवाला बोटी दिल्या.
रेवानं टिकलीला अस्वल दिलं.

पण टिकली एवढीशी! पुस्तक उचलणार कोण? वाचणार कोण? ताई सतरंजीवर बसल्या. टिकली पुन्हा वर छताला, उलटी. अस्वलाचं पुस्तक उघडलं. गणूकाका घंटा घेऊन आले. "वाजवू का?"

"मुळीच नाही!" सगळे ओरडले. गणूकाकांनी घंटा खिशात टाकली आणि तेही खाली बसले.

ताई वाचू लागल्या. "पिल्लू खड्ड्यात रडत होतं. ऊं ऊं ऊं! आईनं ऐकलं. आई धावत आली. धबड धबड! आईनं लांब फांदी आत सोडली. पिल्लानं फांदी घट्ट धरली. वर, वर, वर... आलं बाहेर! आईनं त्याला पोटाशी धरलं. मग दोघांनी मध खाल्ला."

टिकलीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तिनं टाळ्या वाजवल्या. छताला उलटी असताना कुणी टाळ्या वाजवतं का? हात सुटले. पाय सुटले. टप्प! पडली ती थेट पुस्तकावर. अस्वलाच्या नाकावर!

"अगं, लागलं का टिकले?" विजूकाकूंनी विचारलं. हो, काकूंनीच!

टिकलीनं शेपटी सावरली. अस्वलाच्या नाकावर नीट बसली. ताईंकडे बघितलं आणि म्हणाली,

"चुक चुक! पुन्हा!"

ताईंनी पहिलं पान उघडलं.

आता तुम्ही नका हं म्हणू, पुन्हा. झोपायची वेळ झाली. डोळे मिटा. अजिबात म्हणायचं नाही.

म्हणालातच ना!