न सरणारा प्याला

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. कुठल्या राज्यातली ते विचारू नका; आपापल्या गावात शोधलीत तरी चालेल.

एका टेकडीवर चर्च होतं. वरच्या आळीतली गोरी माणसं आत बाकांवर बसत आणि खालच्या आळीतली काळी माणसं दाराजवळ चटईवर. ‘आपण सारी एकाच पित्याची लेकरं,’ असं पाळकसाहेब दर रविवारी इतक्या गोड आवाजात सांगत की बाकांवरच्या बायका डोळे टिपत. मग प्रभुभोजनाची वेळ होई आणि एकाच सुरईतला द्राक्षारस दोन भांड्यांत ओतला जाई. बाकांसाठी चांदीचा प्याला, चटईसाठी मातीचं बोळकं.

ओतायचं काम ताबिथाबाईंकडे होतं. वरच्या आळीतल्या या बाई मोठ्या नेमाच्या. चांदीचा प्याला त्या वेदीमागे कोमट पाण्यानं धूत. बोळकं मात्र बाहेर दगडावर, दोन बोटांनी धरून. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही येत नसे.

एका रविवारी चांदीचा प्याला सगळे बाक फिरून परत आला, तो काठोकाठ भरलेला. ताबिथाबाईंनी फडक्यानं काठ पुसला. फडकं कोरडंच राहिलं. चाळीस माणसांनी तिथे ओठ लावले होते आणि ओलीचा मागमूस नव्हता.

“चमत्कार!” पाळकसाहेब ओरडले. “देवानं आपल्यावर कृपा केली. प्याला सरतच नाही!”

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. लांबलांबची माणसं बघायला येऊ लागली. बोळक्यात मात्र तळाशी चार घोट उरत. तेवढे चटईवरची माणसं आपल्या आजाऱ्यांसाठी घरी नेत, कारण पाळकसाहेब त्यांच्या आळीत कधी पाऊल टाकत नसत.

हळूहळू ताबिथाबाईंना दिसू लागलं. माणसं प्याल्याला ओठ लावून ‘आमेन’ म्हणत, पण घसा एकाचाही हलत नसे. ओठ फुटले होते, सुकलेल्या चिखलासारखे. तरी कोणी चकार शब्द काढेना. आपल्याला काहीच मिळालं नाही हे चारचौघांत कबूल कोण करणार? सगळे हसतमुखानं कोरडे घरी जात. ताबिथाबाईही गेल्या.

मग त्यांच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं. एका रविवारी दुपारी त्याचा श्वास लागला. “प्रभूच्या प्याल्यातला एक घोट मिळाला की मी सुखानं जाईन,” एवढंच तो म्हणाला.

पाळकसाहेब चांदीचा प्याला घेऊन आले. त्यांनी तो म्हाताऱ्याच्या ओठांशी तिरपा केला. रस जागचा हलला नाही. आणखी तिरपा केला. प्याला आडवा झाला तरी रस आत घट्ट बसून राहिला, जणू काचेचा. म्हातारा जीभ बाहेर काढून वाट बघत होता.

“साहेब, बोळक्यातला देऊ या,” ताबिथाबाई म्हणाल्या.

“त्यांचं उष्टं? या घरात? उद्या लोकांना काय तोंड दाखवाल, बाई?” पाळकसाहेब प्याला सांभाळत निघून गेले.

ताबिथाबाई तशाच अनवाणी खालच्या आळीत धावल्या. बोळकं कोणाकडे आहे ते विचारत एका दारात थांबल्या. आतून एक काळी बाई बाहेर आली.

“थोडं उरलंय का गं? माझे मालक चाललेत.”

“सासूपुरतं ठेवलंय,” ती म्हणाली. मग ताबिथाबाईंचा चेहरा बघून तिनं बोळकं उचललं. “चला. दोघांना पुरंल. पर तुमच्या उंबऱ्याच्या आत कसं यायचं मी?”

“ये गं बाई, ये. नाव काय तुझं?”

“वीस वरसं हे बोळकं तुमीच माझ्या हातात देताय की,” ती म्हणाली. “लेआ.”

ताबिथाबाईंची मान खाली गेली. वाटभर त्या रडत होत्या.

लेआनं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोळकं ओठांशी लावलं. घसा हलला. “गोड आहे,” तो म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत शांतपणे गेला.

पुढच्या रविवारी ताबिथाबाई वेदीपाशी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी भरलेला चांदीचा प्याला उपडा केला. एक थेंबही पडला नाही.

“बघा! हा रस आपल्या कोणालाच मिळालेला नाही. आपण सारे तहानलेले आहोत!”

मग पाळकसाहेबांनी दोन्ही हात उंचावले. “केवढी कृपा! उपडा केला तरी सांडत नाही!”

आणि चाळीस माणसं फुटक्या ओठांनी हसत गुडघ्यांवर आली.

ताबिथाबाई दाराकडे चालू लागल्या. लेआनं सरकून चटईवर जागा केली. त्या बसल्या, आणि बोळकं आपल्याकडे यायची वाट बघू लागल्या.

बाकांवरची माणसं मात्र प्याल्यासमोरून उठलीच नाहीत. आधी त्यांच्या गाण्यांतला आवाज गेला, मग सूर गेला. नंतर नंतर दाराशी उभं राहिलं की आतून नुसती सुकलेल्या पानांसारखी सळसळ ऐकू येई, आणि वेदीवर प्याला काठोकाठ भरलेला दिसे.

तात्पर्य: भावाला वगळून भरलेला प्याला कधी रिकामा होत नाही, आणि कोणाची तहानही भागवत नाही.