तान्हूबाईचं दव

फार वर्षांपूर्वी, शहर जेव्हा शहरातच राहत असे, तेव्हा खडकवस्तीत तान्हूबाई होती. विहिरीलगतच्या दोन वाफ्यांत तिची मेथी. पहाटे जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची, सात कोस चालून शहरात दारोदार विकायच्या. मध्ये दलाल नाही, अडत्या नाही. असं म्हणतात, की सात कोसांत तिच्या मेथीवरचं दव सुकत नसे.

"मावशी, पाणी मारलंय ना हिच्यावर?" गिऱ्हाइकं विचारत.

"पानाला जीभ लावून बघा. नळाचं पाणी एवढं गोड असतंय व्हय?"

एकदा एका वहिनींना ती कौतुकानं म्हणाली, "वाफ्यावरची बघाल तर ही विसराल. याच एकदा." चूक झाली ती इथं. शहरानं आमंत्रण मनावर घेतलं.

पुढच्या वर्षी शहर पाच कोसांवर आलं, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. गाव म्हणालं, तान्हूचे पाय वाचले. पण असं म्हणतात, की वाट जसजशी आखडली, तसतसं दव लवकर सुकू लागलं. पुढं तर ती कोसभर धावत जाई, तरी दारात पोचेपर्यंत पानं कोरडी.

शेवटी शहर बांधापाशी आलं. वहिनींनी बांधापलीकडं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. वाफे तान्हूबाईच्या दिरांच्या नावावर होते. त्यांनी ते विकून गावभर पेढे वाटले. तान्हूबाईलाही एक मिळाला.

शेवटच्या सकाळी ती मेथी उपटत होती. विहीर बुजवायला यंत्र येऊन उभं होतं. वहिनी गॅलरीतून वाकल्या. "मावशी, आज दव नाही दिसत?"

"दिसंल कसं? तुम्ही बसलाय की त्याच्यावर."

तिनं पाटी उचलली आणि शहराकडं पाठ करून चालू लागली. सात कोस लांब गेलं की दव परत येईल, असा तिचा हिशेब. असं म्हणतात, की शहरही उठून तिच्या मागोमाग निघालं. अजून चालतंय.

वाफ्यांवरच्या इमारतीला तिचं नाव दिलंय. फाटकावर पाटी आहे, 'तान्हूबाई सोसायटी', आणि खाली, 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही'. रोज सकाळी फाटकाबाहेर टेम्पोतून मेथी उतरते. विकणारा भोकं पाडलेल्या डब्यानं नळाचं पाणी शिंपडतो आणि हाळी देतो, "तान्हूबाईचं दव!" बायका जुड्या उचलतात. जीभ लावून मात्र कोणी बघत नाही.