बोली न लागलेली वस्तू

सन १९५६. ऑक्टोबर महिना चालू होता. पाऊस उघडला होता आणि खळ्यांवर बाजरीची मळणी सुरू झाली होती. आमच्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत त्या वेळी भोळे म्हणावे असे एकच गृहस्थ होते, शांतवनराव. त्यांची पत्नी वारली होती. घरात सहा वर्षांची सलोमी आणि मोती नावाचा कुत्रा.

एके दिवशी सासूबाई रेबेकाबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "जावईबुवा, हंगामाच्या सणापर्यंत पोरीला प्रार्थना करता आली पाहिजे. नाहीतर मी तिला माझ्या घरी नेईन. कायमची."

शांतवनरावांचा सगळा जीव त्या पोरीत. ते तडक चर्चच्या पाळकसाहेबांकडे सल्ला विचारायला गेले.

पाळकसाहेब म्हणाले, "जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करा. आमेन होईपर्यंत डोळे उघडू नका. मूल तुमचे पाहूनच शिकेल."

शांतवनरावांनी डोळे मिटले आणि गावातल्या एकेका घरासाठी प्रार्थना आरंभली.

"बाबा, मोती भाकरी नेतोय!"

"डोळे मीट. वरची आळी अजून राहिली आहे."

त्या दिवशी दोघे उपाशी निजले. दुसऱ्या दिवशी हे ऐकून पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, भाकरीला कोणी तोंड लावू लागले, तर काठी उगारून हाड् म्हणावे!"

रविवारी आमच्या ख्रिस्तमंदिरात प्रभुभोजनाचा विधी होता. शांतवनराव काठी घेऊन पुढच्या रांगेत बसले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, आशीर्वाद मागितला आणि तुकडा तोंडाशी नेला.

"हाड्!" शांतवनराव गरजले.

उपासनेनंतर पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले, "दारी आलेल्याला असे हाकलू नये. प्रेमाने घ्या म्हणावे."

संध्याकाळी मोती दारी आला. शांतवनराव हात जोडून म्हणाले, "घ्या, मोतीराव." मोतीरावांनी घेतले. टोपलीत काही ठेवले नाही. सलोमीने मात्र डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

"कुत्र्याला नव्हे हो, देवाला द्यावे!" हे कळताच पाळकसाहेब जवळजवळ ओरडलेच. "जे सर्वांत प्रिय असेल, ते देवाच्या मेजावर ठेवावे. आणि एकदा ठेवलेले परत मागू नये."

हंगामाच्या सणाची आमची रीत अशी: प्रत्येकाने आपल्या घरचे काही आणून मेजावर ठेवायचे. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. ज्या वस्तूला बोली लागत नाही, ती आणणाऱ्यानेच घरी न्यायची.

त्या दिवशी पंच हनोखराव लिलाव करीत होते. मक्याची कणसे गेली. अंडी गेली. पुढच्या वस्तूला हात घालताना ते थांबले. मेजावर सलोमी बसली होती.

"शांतवनराव, हे काय?"

"सर्वांत प्रिय," शांतवनराव म्हणाले.

रेबेकाबाई ताडकन उठल्या. "एक पोतं बाजरी!"

त्यांच्यावर बोली चढवण्याची कोणाची छाती नव्हती. "एकवार, दोनवार, तीनवार," हनोखराव सवयीने बोलून गेले.

शांतवनरावांच्या डोळ्यांना धार लागली. पण ठेवलेले परत मागायचे नव्हते. तेव्हा मेजावर बसल्या बसल्या सलोमीने डोळे मिटले.

"देवा, बाबा रडताहेत. आजी रागावली आहे. दोघांना एकाच घरात ठेव, म्हणजे मला दोघेही मिळतील. आमेन."

रेबेकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "येते हो पोरीला प्रार्थना. घ्या जावईबुवा, तुमची लेक तुम्हालाच दिली."

"मामी!" शांतवनरावांना आनंद आवरेना. "आज तुमच्याइतकं प्रिय मला कोणी नाही!" असे म्हणून त्यांनी सासूबाईंना उचलले आणि मेजावर, काशीफळ आणि कोंबडी यांच्या मधोमध बसवले.

"अहो, उतरवा मला खाली!"

"ठेवलेलं परत मागायचं नसतं, मामी."

हनोखरावांनी घसा खाकरला. "बोला मंडळी."

कोणी बोलेना. पाळकसाहेब छपराची कौले न्याहाळू लागले.

अखेर रीतीप्रमाणे, रविवार, दिनांक ४ नोव्हेंबर १९५६ रोजी, शांतवनराव बोली न लागलेली सासू बैलगाडीत बसवून आपल्या घरी घेऊन गेले. आणि पोर कोणाकडे राहणार, हा प्रश्न त्या दिवशी कायमचा मिटला.