पंडितांची पोथी आणि पांढरी भुकटी

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात एक म्हातारे पंडित आपल्या धाकट्या बहिणीसोबत राहत. पंडित चार शास्त्रे शिकले होते, पण दाराला कडी लावली की नाही, हे ते तीनतीनदा उठून पाहत. घरात एक सागवानी पेटी होती. तिच्यात गुरूंनी दिलेली पोथी होती. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मरण्याआधी ती नकलून काढायची, एवढेच काम पंडितांचे उरले होते.

एके दिवशी एक परका माणूस दारात आला. पाणी प्यायला, पेटीजवळ गेला, तिला कान लावला आणि उदास झाला.

"पंडितजी, पोथीला कसर लागलीय. कुरतडल्याचा आवाज येत नाही तुम्हाला?"

पंडितांनी कान लावला. काहीच ऐकू आले नाही. दुसरा कोणी म्हणाला असता, आवाजच नाही. पंडितांना वाटले, आपले कान गेले.

"येतो," ते म्हणाले. "बारीकसा येतो."

परक्याने झोळीतून पांढऱ्या भुकटीची पुडी काढली. "रोज आंघोळ करून, सोवळ्यात, चिमूटभर फटीतून आत सोडा. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका. आणि पेटी उघडू नका, उजेडाने किडे पानापानांत पांगतात."

बदल्यात तो पायलीभर तांदूळ घेऊन गेला.

बहीण म्हणाली, "दादा, एकदा झाकण उघडून बघायला काय जातं?"

"तुला त्यातलं काय कळतं?" पंडित म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुटपुटले, "मला तरी कुठे कळतं म्हणा."

परका दर पौर्णिमेला येई. "कमी झालेत, पण मेले नाहीत," म्हणे, आणि नवी पुडी देऊन तिचा मोबदला नेई. घरातले तांदूळ संपले, मग समई गेली, मग दुभती गाय गेली. पेटी बंद, म्हणून नक्कलही बंद. पंडित दिवसभर पेटीपाशी बसून नसलेला आवाज ऐकत. ऐकून ऐकून ते थकले. आणि वर्ष सरता सरता तो आवाज खरोखर येऊ लागला.

एके दिवशी तो बहिणीलाही ऐकू आला, तेव्हा तिने त्यांना विचारले नाही. तिने सरळ झाकण उघडले. पोथीची चाळण झाली होती. पानांवर भुकटीचा थर होता आणि त्यात किडे वळवळत होते. तिने भुकटी बोटांत चोळून पाहिली.

"हे तांदळाचं पीठ आहे, दादा. वर्षभर यांना जेवायला घातलंत तुम्ही."

पंडितांनी एकेक पान उचलून पाहिले. पोथीतले एकही पान पुरते वाचता येत नव्हते.

पौर्णिमेला परका पुन्हा आला. उघडी पेटी त्याने पाहिली, पण तो डगमगला नाही.

"मग आता ही कसर घराच्या खांबांना लागली असणार," तो म्हणाला. "ऐका जरा."

आणि पंडितांची मान, सवयीने, खांबाकडे कलली. बहिणीने परक्याला बाहेर काढून दार लावले, तरी ते तसेच ऐकत राहिले.

म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, जो भीती दाखवतो आणि लगेच औषधही विकतो, त्याचे ऐकण्याआधी आपली पेटी आपल्या हातांनी उघडून पाहावी.