कैतानच्या लग्नाला काय अडचण होती

वसईकडच्या एका गावात एक भोळा वाडीवाला होता. कैतान त्याचं नाव. वाडीत केळी, वांगी, थोडी फुलं. अंगात रेड्याची ताकद, मनात कपट म्हणून नाही, आणि डोकं अगदी सरळ. इतकं सरळ की त्यात शिरलेली गोष्ट कुठेही न वळता पलीकडून बाहेर पडायची.

अशा माणसाला बायको कोण देणार? पण शेजारच्या सांतानची ब्रिजीत म्हणाली, लग्न करीन तर कैतानशीच. सांताननं आधी आरडाओरडा केला, मग जेवण सोडलं, मग जेवण पुन्हा सुरू केलं आणि हो म्हणाला. मात्र कैतानला अंगणात उभं करून बजावलं, की लग्न लागेपर्यंत धड वाग, एकदा जरी अति झालं तरी मुलगी परत घरी नेईन. कैतान ब्रिजीतवर जीव टाकायचा. तो घाबरला आणि त्यानं ठरवलं, की आता मोठी माणसं जे सांगतील ते शब्दन् शब्द पाळायचं.

इथेच सगळा घोटाळा झाला.

लग्नाआधी नवरानवरीनं फादरांकडे शिकवणीला जायचं असतं. पहिल्या दिवशी फादरांनी सांगितलं, की देव सगळीकडे आहे. देवळात आहे, तसा घरात आहे, वाडीत आहे, बाजारातही आहे. ब्रिजीतनं मान हलवली. कैताननंही हलवली, पण तो पेचात पडला. कारण लहानपणापासून आईनं शिकवलं होतं, की देवाकडे पाठ करू नये. म्हणून तो देवळातून निघताना दारापर्यंत उलटा चालत यायचा. आजवर काही अडलं नव्हतं, देव एका बाजूला होता. आता?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वांग्यांना पाणी लावायला गेला. पुढे देव, म्हणून त्यानं तोंड पुढे केलं. मग आठवलं, मागेही देव. झटकन वळला. तर पाठ पहिल्या देवाकडे झाली. पुन्हा वळला. मग डावीकडचा देव आठवला, मग उजवीकडचा. असं करत करत कैतान वाफ्यात भोवऱ्यासारखा फिरायला लागला. शेवटी घेरी येऊन जो कोसळला, तो वांग्याच्या नव्या रोपांवर. रोपं भुईसपाट.

त्याची आई पावलीन धावत आली. कारण ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मग त्याला बसवून समजावलं, की बाबा, तो दिसत नाही पण असतो. जो दिसत नाही त्याच्यासाठी सारखं थबकायचं नसतं. तो त्याच्या जागी बरा असतो. आपण आपलं काम करत राहायचं.

कैतानला हे पटलं. जो दिसत नाही, पण असतो, त्याच्यासाठी थबकायचं नाही.

दोन दिवसांनी सांताननं त्याला विहिरीतला गाळ काढायला मदतीला बोलावलं. सासऱ्याची मर्जी राखायची संधीच ती. सांतान दोराला धरून खाली उतरला. गाळ भरून द्यायचा, कैताननं वर ओढायचा. दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. मग गाळ संपला. कैताननं दोर गुंडाळून ठेवला आणि काठावरचा गाळ केळींना घालायला लागला. खालून आवाज आला, दोर सोड. कैताननं विहिरीत डोकावलं. आत काळोख. सांतान काही दिसेना.

दिसत नाही, पण आहे. कैताननं मान डोलावली आणि फावडं उचललं.

खालून हाका चालूच होत्या. आधी नावानं, मग शिव्यांनी, मग सगळ्या संतांच्या नावानं. कैतान मन लावून गाळ घालत राहिला. संध्याकाळी ब्रिजीत चहा घेऊन आली तेव्हा तिनं बापाला वर काढलं. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बिचाऱ्याचे ओठ निळे पडले होते. तोंड उघडण्याइतकी ऊब आल्यावर तो म्हणाला, की यापुढे कोणी हाक मारली, काही विचारलं, तर ताबडतोब उत्तर द्यायचं, खणखणीत आवाजात द्यायचं. ते करता येत नसेल तर आमच्या घरची वाट विसर.

कैताननं तेही मनात पक्कं केलं.

पुढच्या शिकवणीत फादरांनी सांगितलं, की देव नुसता सगळीकडे नाही, त्याला सगळं ठाऊक आहे. तुमच्या डोक्यावरचे केस त्यानं मोजलेत. तुमच्या मनातली गोष्ट ओठांवर यायच्या आधी त्याला कळते. असं कळणारा तो एकटाच. हे ऐकून कैतानला फार बरं वाटलं. म्हणजे आता बोलायचे कष्ट वाचले.

शनिवारी तो पापाची कबुली द्यायला गेला. गुडघे टेकले आणि गप्प बसला. जाळीपलीकडे फादर वाट बघत होते. बाहेर रांग वाढत होती. शेवटी फादरांनी विचारलं, बाबा, बोलत का नाहीस? कैतान म्हणाला, देवाला सगळं ठाऊक आहे, त्याला पुन्हा तेच कशाला ऐकवायचं?

फादर धीराचे. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "देवाला ठाऊक आहे, कैतान. मला नाही. मी विचारलं, की मला सांगायचं."

मग कैताननं सांगितलं. लहानपणी चोरलेल्या पेरवांपासून सुरुवात केली आणि झाडागणिक पुढे सरकला. रांगेतली माणसं जेवून परत आली तरी तो आतच होता.

आता रीत अशी, की लग्नाआधी रविवारी देवळातल्या मिस्सात, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, नवरानवरीची नावं पुकारायची. सगळ्या गावासमोर विचारायचं, की या लग्नात कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्यानं कळवावं. कोणी काही कळवत नाही. लोक तेवढ्यात खोकून घेतात.

त्या रविवारी फादरांनी नावं वाचली. कैतानचं, ब्रिजीतचं. मग विचारलं, अडचण कोणाला ठाऊक आहे का?

कैतान तिसऱ्या बाकावर होता. त्यानं विचार केला. फादरांना ठाऊक नाही, ते विचारतायत. विचारलं की सांगायचं. आणि खणखणीत सांगायचं. तो उभा राहिला.

"फादर, देवाला ठाऊक आहे."

देवळात खोकणारे खोकायचे थांबले. सांतान जागच्या जागी ताठ झाला. नवराच सांगतोय म्हटल्यावर अडचण केवढी असेल? मिस्सा संपेपर्यंत बाकाबाकांवर कुजबुज झाली, आणि लोक बाहेर पडले तेव्हा कैतानला उत्तन गावात एक बायको होती. बाजारात पोचेपर्यंत तिला दोन मुलंही झाली.

फादरांनी त्याला आत बोलावलं. सांतान, पावलीन आणि ब्रिजीतही गेले. कोणती अडचण, सांग, असं फादरांनी खोदून खोदून विचारलं. कैतान गोंधळला. अडचण त्याला कुठे ठाऊक होती? कोणाला ठाऊक आहे असं फादरांनी विचारलं, त्यानं ज्याला सगळंच ठाऊक असतं त्याचं नाव सांगितलं. चुकलं काय?

सांतान म्हणाला, लग्न मोडलं. पावलीन रडायला लागली. कैतानचा चेहरा इतका पडला की फादरांनाच दया आली. ब्रिजीत मात्र शांतपणे म्हणाली, की तो खोटं काय बोलला ते बाबांनी आधी सांगावं. सांताननं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच बोटावर अडला. त्याचा राग आणखीच वाढला. अखेर फादर मध्ये पडले. सांतान कसाबसा कबूल झाला, पण लग्नाच्या वेळी आपण पहिल्याच बाकावर बसू आणि काही चुकलं तर तिथूनच मुलीला घेऊन जाऊ, असं म्हणाला. फादरांनी कैतानच्या खांद्यावर हात ठेवून शेवटची ताकीद दिली, की जे आपल्याला ठाऊक नाही त्यावर तोंड उघडायचं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. कैताननं नवा कोट घातला होता, तो काखेत काचत होता. ब्रिजीत पांढऱ्या पोशाखात आली आणि त्याला काचणं जाणवेनासं झालं. पहिल्या बाकावर सांतान अर्धवट उठल्यासारखा बसला होता.

फादरांनी विचारलं, सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, तू ब्रिजीतला जन्मभर साथ देशील, असं वचन देतोस का?

कैताननं तोंड उघडलं. आणि मिटलं.

जन्मभर? जन्मभराचं त्याला कुठे ठाऊक होतं? उद्याचंही ठाऊक नव्हतं. आणि जे ठाऊक नाही त्यावर तोंड उघडायचं नाही. हो म्हणावं असं त्याला आतून इतकं वाटत होतं, की कपाळावरून घाम निथळायला लागला. पण तो गप्पच. फादरांनी पुन्हा विचारलं. गप्प. पावलीननं डोळे मिटून घेतले. सांतान बाकावरून उठला आणि पुढे यायला लागला.

तेवढ्यात ब्रिजीत कैतानच्या कानाशी वाकली.

"जन्मभराचं ठाऊक नाही म्हणून गप्प आहेस ना? आणि मला सोडायचं तर तुझ्या मनातही नाही."

कैतान दचकला. हे तो कोणाला बोलला नव्हता. आईला नाही, फादरांना नाही. ओठांवर यायच्या आधीच हिला कळलं. आणि असं कळणारा एकटाच आहे, हे त्याला शिकवणीत सांगितलं होतं. त्यानं ब्रिजीतकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. पांढरा पोशाख, डोक्यावर ओढणी, हातात मेणबत्ती.

आणि सगळ्या गावादेखत कैताननं फादरांकडे पाठ केली, वेदीकडे पाठ केली, नवरीसमोर दोन्ही गुडघे टेकले आणि हात जोडले.

"देतो," तो म्हणाला. "तू म्हणशील ते देतो."

फादरांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. त्यांनी त्याला उठवायचा प्रयत्न केला, अरे ही ब्रिजीत आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. कैतान काही उठेना. सांतान येऊन पोचला होता, पण सगळा गाव साक्षीला ठेवून आपल्या लेकीसमोर हात जोडून बसलेला जावई बघून तो थबकला. तो तसाच मागे फिरला आणि जागेवर जाऊन बसला. वचन दिलं गेलं होतं. लग्न लागलं.

उजव्या बाजूच्या बाकांवरचे पुरुष पोट धरधरून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. डावीकडच्या बायका मात्र हसल्या नाहीत. कैतानचं यात नेमकं काय चुकलं, हेच त्यांना कळेना.